अंगठ्याखालचं घर

मी एक जुनी शंभरी आहे. दचकू नका मित्रांनो, शंभरी हे माझं वय नव्हे, माझ्या कामाचं नाव आहे. मी आहे शिसवी लाकडाची एक चौकोनी फळी, वीतभर लांब, वीतभर रुंद. माझ्या अंगावर बटणाएवढी खोलगट घरं आहेत. दहा ओळी, ओळीत दहा घरं. बटणं ओतायची, हलवायची, घरं भरली की शंभर झाले. बोट लावून मोजायचं काम नाही.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. मी लाकूड आहे. मला दुखत नाही, खुपत नाही, आनंदाने भरूनही येत नाही. पुढे गोष्टीत कुठे डोळे पुसावेसे वाटले तर आपापले पुसून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका. मला फक्त मोजता येतं.

माझा जन्म चुकीतून झाला. एका सुताराने दाराचं माप चुकवलं आणि उरलेल्या तुकड्यातून मला काढलं. माझी घरं कोरताना तो तोंडाने मोजत नव्हता. ओळ झाली की पेलाभर पाणी पीत होता. दहा पेले झाले तेव्हा त्याने हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाला, "पोट भरलं, म्हणजे शंभर झाले." त्या दिवशी ते बरोबर होतं. माझी सगळी शंभर घरं सारखी खोल होती.

मी गेले बटणांच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर, बांधणीच्या टेबलाशी. तिथे सहा बायका बसत. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा मुकादमही मावशीच म्हणे. मी त्यांच्या वाट्याला आले.

मावशींची पद्धत बघण्यासारखी होती. उजव्या हाताने त्या मला कोपऱ्यात धरत, अंगठा वर, बोटं खाली. टोपलीत मला बुडवून बटणांसकट वर काढत, दोनदा हलवत, मग किंचित तिरकी करत. जादा बटणं घरंगळून परत टोपलीत जात, घरांत बसलेली तेवढी राहत. मग त्या मला थैलीत उलटी करत आणि म्हणत, "शंभर." पुन्हा बुडवली, "दोनशे." पुन्हा, "तीनशे." बघता बघता पाचशे, सहाशे, सातशे. नऊशेनंतर क्षणभर थांबत, जसं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस थांबतं, आणि मग म्हणत, "हजार." थैलीची नाडी डाव्या हाताने ओढून दातात धरत, करकचून गाठ मारत, आणि थैलीवर खडूने लिहीत : हजार.

"मावशी, दातांनी गाठी मारताय, दात पडले की काय करणार?" मुकादम विचारे.

"तुमचे घेईन उसने," मावशी म्हणत. "तुम्ही कुठे वापरता? दिवसभर नुसतं बोलायलाच तर लागतं तोंड."

मित्रांनो, माणूस एखादी वस्तू रोज वापरतं तेव्हा दोघंही झिजतात. वस्तूचं दिसतं, एवढाच फरक. मावशींचा उजवा अंगठा माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बरोब्बर शेवटच्या घरावर टेकायचा. वर्षानुवर्षं तो तिथे घासला. घराच्या कडा गेल्या. खळगा भरत आला म्हणावं तर भरला कोणी नव्हता, भोवतालचं लाकूडच उतरत गेलं होतं. शेवटी तिथे घराची नुसती गोल खूण उरली. बटण तिथे ठरेना. तिरकी केली की तेही घरंगळायचं. आणि वर अंगठा असल्यामुळे हे कोणाला दिसायचं नाही. मला माहीत होतं. पण मला विचारलं कोणी?

मग शिलाई कारखान्याकडून तक्रार आली. थैलीवर हजार लिहिलंय, आत दहा कमी. मुकादम थैली नाचवत वर आला.

"मावशी, दहा बटणं गेली कुठे?"

"मी खाल्ली. तुम्ही सारखं दातांचं विचारता ना, ते त्यासाठीच आहेत."

थट्टा केली खरी, पण मावशींनी थैली उपडी केली आणि सगळी बटणं एकेक करून मोजली. नऊशे नव्वद. मग मला उजेडात धरलं आणि पहिल्यांदा अंगठा उचलून खाली बघितलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "हे माझंच काम."

"नवी फळी मागवतो," मुकादम म्हणाला.

"कशाला? एका घरासाठी नव्याण्णव फेकायची? उद्या माझं एक बोट वाकडं झालं तर मलाही फेकाल."

त्या दिवसापासून मावशींनी मांडीवर डाव्या बाजूला बटणांची एक वाटी ठेवली. उजव्या हाताने मला थैलीत उलटी करायच्या, आणि त्याच दमात डाव्या हाताने वाटीतलं एक बटण वरून टाकायच्या. टप्. मग म्हणायच्या, "शंभर." ते एक पडल्याशिवाय आकडा तोंडातून निघत नसे. त्यानंतर एकाही थैलीची तक्रार आली नाही. नव्या मुली शिकायला आल्या की त्या सांगायच्या, "फळीचे नव्याण्णव, आणि हा आपला एक."

ही गोष्ट कुठे लिहिली गेली नाही. त्या कारखान्यात रजेची वही होती, चहाच्या कपांची वही होती, तुटलेल्या खुर्च्यांचीसुद्धा वही होती. अंगठ्याखालच्या घराची नव्हती. ते फक्त मावशींच्या डाव्या हाताला माहीत होतं.

पुढे मोजायचं यंत्र आलं. ते खडखड करी आणि मिनिटात हजार मोजी. मुकादमाने मला मावशींच्या हातात दिलं, सोबत एक भरलेली थैली दिली. "आठवण म्हणून ठेवा," म्हणाला. ती मावशींनी स्वतः भरलेली शेवटची थैली होती. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं : हजार.

घरी माझी आठवण म्हणून फारशी बूज राहिली नाही. मी गरम पातेल्याखाली गेले. आमटीचं पातेलं, दुधाचं पातेलं, कधी कुकर. माझ्या पाठीवर काळी कडी उमटली. वाईट वाटलं का? नाही. आधीच सांगितलंय.

मग एका सकाळी मावशींना झटका आला. उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धा चेहरा बधिर. बोलणं तर पूर्णच बंद. दवाखान्यातून आल्यावर त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला पातेल्याखाली मी. दोघींनाही सकाळी पुसून ठेवत आणि संध्याकाळी उचलत. हिशेबाने बघितलं तर घरात आमचं खातं एकच होतं.

घरात तिघं. मावशी, त्यांचा मुलगा आणि सून. सून शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणते. मुलगा वाईट नव्हता, हे नोंदवून ठेवा. आईला भरवायचा, कूस बदलायचा, औषधं तारखेनुसार मांडून ठेवायचा. फक्त तिच्याशी बोलणं त्याने सोडलं होतं. तिच्याबद्दल बोलायचा, तिच्यासमोरच.

"आईला आता काही कळत नाही," तो म्हणायचा. "तिथे नर्स असतात. सगळं वेळच्या वेळी होईल. आपण दोघं दिवसभर बाहेर, हिला काही झालं तर?"

"तिथे" म्हणजे वृद्धाश्रम. त्याचा अर्ज टेबलावर माझ्या शेजारीच पडलेला असे, म्हणून मला तो पाठ झाला. त्यात एक प्रश्न होता : 'आजूबाजूचे समजते का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मुलाने 'नाही'वर खूण केली होती. होय असेल तर बागेच्या बाजूची खोली, नाही असेल तर मागच्या इमारतीत. गाडी रविवारी यायची होती.

आता शाळेकडे वळते. बाईंच्या वर्गात शंभरांनी मोजायचा धडा चालू होता आणि वर्ग चिखलात रुतल्यासारखा रुतला होता. एक म्हणे, "शंभर, एकशे एक." दुसरा म्हणे, "नऊशे, दहाशे, अकराशे," आणि थांबतच नसे. फळ्यावर लिहून बाईंचा खडू संपला. मुलांना शंभर दिसत नव्हते, हा खरा घोटाळा होता. शंभर म्हणजे केवढे, हेच हाताला माहीत नाही, तर पोरं उडी कुठून कुठे मारणार?

एका दुपारी बाईंनी पातेलं उचललं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मला धुतलं, घासलं. घरं मोजली. कशी मोजली ते ऐका. वरची एक ओळ मोजली : दहा. डावीकडचा एक उभा रकाना मोजला : दहा. दाही दाही शंभर. शाळेत शिकवतात तस्सं. खालचा उजवा कोपरा त्या ओळीतही येत नव्हता आणि त्या रकान्यातही. शिवाय मला धरायला तिथेच अंगठ्याची आयती जागा झालेली. बाईंनीही मला तिथेच धरलं.

मग त्यांनी मावशींची शेवटची थैली सोडली, दहा छोट्या पिशव्या घेतल्या आणि एकेका पिशवीत एकेक फळी भरून ओतायला घेतली. बोलावलं शेजारच्या मुलीला. ती बाईंच्याच वर्गात होती, आणि तिची आई कामावरून येईपर्यंत याच घरात बसायची. वर्गात तिला 'एकपासून' म्हणत, कारण काहीही मोजायला सांगा, ही एकपासून सुरू करायची. "ए एकपासून, शाळा सुटली तरी तू ऐंशीलाच!" असं पोरं ओरडत. तिने तोंड मिटून घ्यायची सवय लावून घेतली होती.

"बघ," बाई म्हणाल्या, "एकेक मोजायचं नाही. पिशवीला हात लाव, शंभर. पुढच्या पिशवीला, दोनशे. पुढे?"

"पण बाई, आत शंभर आहेत हे कशावरून?"

"फळीने मोजलेत ना."

"फळीला येतं मोजता?"

मित्रांनो, एवढा अपमान माझा पातेल्यानेही केला नव्हता. आणि एवढा रास्त प्रश्नही कोणी विचारला नव्हता.

बाईंनी पुन्हा फळी भरून दाखवली, पिशवीत ओतली, आणि त्या "शंभर" म्हणायच्या आत खिडकीच्या बाजूने एक हात आला. मावशींचा डावा हात. टेबलावरचं एक बटण त्याने उचललं आणि पिशवीत टाकलं. टप्.

"आई, राहू द्या," बाईंनी वरचं बटण काढून ठेवलं. "मोजणी बिघडेल."

दुसऱ्या पिशवीलाही तेच. तिसऱ्यालाही. शेवटी बाईंनी बटणं हाताबाहेर सरकवली. मावशींचा हात रिकाम्या टेबलावर चिमूट करून उचलत राहिला, सोडत राहिला.

"सवय आहे ती," मुलगा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते ना, हात आपोआप हलतो. डोक्यात काही नसतं."

दहा पिशव्या भरून झाल्या तेव्हा टेबलावर दहा बटणं उरली.

"थैलीवर तर हजार लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"दहा जास्त टाकली असतील तिने. तेव्हापासूनच बिघडत असेल डोकं."

चाळीस वर्षांत ज्या बाईची एक थैली चुकली आणि तीही तिने स्वतः शोधून काढली, तिच्या नावावर पोटच्या पोराने दहा बटणांची चूक मांडली. ती तिथेच बसलेली होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. अर्धा हलत नव्हता, आणि उरलेल्या अर्ध्यावरही काही दिसलं नाही. मलाही काही वाटलं नाही. ती दहा बटणं बाईंनी ड्रॉवरमध्ये टाकली.

शाळेत माझा मोठा गाजावाजा झाला. मुलांनी पिशव्या जमिनीवर ओळीने मांडल्या. एकेका पिशवीवरून उडी मारत जायचं आणि ओरडायचं : शंभर, दोनशे, तीनशे. दहाव्या उडीला सगळा वर्ग "हजार!" म्हणून किंचाळायचा. हे छान जमलं. चार दिवसांत जो वर्ग एकशे एकवर अडकत होता तो झोपेतही शंभरांनी मोजू लागला. मुख्याध्यापक येऊन मला थोपटून गेले. "जुनं ते सोनं," म्हणाले. मी लाकूड आहे, पण ठीक आहे.

एकटी एकपासून उडी मारेना. ती पहिल्या पिशवीजवळ फतकल मारून बसली आणि आतली बटणं मोजू लागली. वर्ग हजारला पोचला तेव्हा तिने मान वर केली.

"बाई, नव्याण्णव आहेत."

वर्ग हसला. "एक तूच गिळलंस!" मागून कोणीतरी म्हणालं.

"चुकलं असेल तुझं," बाई म्हणाल्या, आणि तिच्या वहीत शेरा लिहिला : 'अजून एकेक मोजते. घरी सराव घ्यावा.' मुलीने वही मिटली आणि तोंडही मिटलं. आता ज्यांना कोणी मोजत नाही अशा बायामाणसांची यादी दोनची झाली, असं मी मनात मांडलं.

रविवार आला. दाराशी मावशींची बॅग भरून ठेवली होती. चार साड्या, औषधांचा डबा, एक शाल. मुलगा गाडीची वाट बघत खाली गेला होता. एकपासून टेबलाशी बसली होती. बाईंनी मला आणि पिशव्यांना शाळेतून घरी आणून तिला सरावाला बसवलं होतं, आणि त्या स्वतः बॅगेत काहीतरी पुन्हा पुन्हा काढत-घालत होत्या. मला वाटतं, हात रिकामे ठेवायचे नव्हते म्हणून.

मुलीने एक फळी भरली आणि पिशवीत ओतली. मावशींचा हात आला. टप्. या खेपेला ते बटण काढून घ्यायला कोणी नव्हतं. मुलीने पिशवी उपडी केली आणि मोजली. एकपासून. मग दुसरी फळी भरली, ती पिशवी मावशींपासून लांब धरली, आणि मोजली. मग पुन्हा एक जवळ, एक लांब. घड्याळाचा मोठा काटा अर्धा फिरला. मग ती उठली, ड्रॉवर उघडला आणि ती दहा बटणं टेबलावर मांडली.

"बाई."

"हं."

"आजींनी टाकलं की शंभर होतात. नाही टाकलं की नव्याण्णव. दोनदोनदा मोजलं." तिचा आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. "आणि पिशव्या दहा, उरलेली बटणं दहा. आजींचं हजार बरोबर होतं. आपलंच चुकलं."

बाईंनी मला उचललं. नेहमीसारखं, कोपऱ्यात. मग हळूच अंगठा बाजूला केला.

खाली घर नव्हतं, नुसती गोल खूण होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग मावशींच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, ती हजाराची जुनी थैली रिकामी त्यांच्यापुढे ठेवली, बटणांची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली, आणि मला भरून थैलीत ओतलं. तोंडातून आकडा काढला नाही. थांबल्या.

टप्.

"शंभर," बाई म्हणाल्या.

पुन्हा ओतलं. थांबल्या. टप्. "दोनशे," मुलगी म्हणाली. "तीनशे." "चारशे." मधेच बाईंनी मुद्दाम मला उलटी केलीच नाही, नुसती थैलीवर धरली. मावशींचा हात बटण घेऊन हवेत थांबला. थांबूनच राहिला. फळी उलटी झाली तेव्हाच बटण पडलं.

आपोआप हलणारा हात असा थांबत नाही, मित्रांनो.

मुलगा वर आला तेव्हा नऊशे झाले होते.

"गाडी आलीये खाली. काय चाललंय हे?"

"मोजतोय," बाई म्हणाल्या.

"अगं, ड्रायव्हर थांबलाय!"

"थांबू दे की. अहो, आईंचं अजून शंभर व्हायचंय."

शेवटची फळी ओतली. मावशी क्षणभर थांबल्या. टप्. आणि मग कोणी न सांगता त्यांच्या डाव्या हाताने थैलीची नाडी ओढली, चेहऱ्याच्या चालत्या बाजूच्या दातात धरली आणि ताणली. गाठ सैल बसली. पण बसली.

मुलगा दारातच उभा होता. खाली गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. बाईंनी माझा झिजलेला कोपरा त्याला दाखवला आणि उरलेल्या दहा बटणांचा हिशेब सांगितला. तो येऊन खुर्चीवर बसला आणि थैलीची गाठ सोडून बटणं मोजू लागला. एकपासून. त्या दिवशी त्याला कोणी हसलं नाही. त्याने किती मोजली ते मला माहीत आहे. चारशे बारा. तिथे त्याची नजर धूसर झाली असावी, कारण पुढचा आकडा तो दोनदा चुकला.

"आई," तो म्हणाला. तिच्याबद्दल नाही, तिच्याशी. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "ती दहा तुझी नव्हती गं जास्तीची."

मावशींनी डावा हात उचलला आणि त्याच्या हातात एक बटण ठेवलं.

त्याने पेन घेतलं, अर्ज ओढला आणि 'नाही'वरची खूण खोडली. खोडायला त्याला तीन रेघा लागल्या. मग खाली जाऊन ड्रायव्हरला चहाचं विचारून आला. गाडी रिकामी परत गेली. बॅग मात्र तशीच दोन दिवस दारात होती, घाईने उचलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मावशी त्यानंतर बोलल्या, असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. बोलल्या नाहीत. उजवी बाजू बधिरच राहिली. पण दुपारी त्यांच्यापाशी बसायला मुलीची आई आपली कामाची वेळ बदलून येते, सकाळी मुलगा उशिरा निघतो, आणि संध्याकाळी वर्गातली चार-पाच पोरं थैली घेऊन येतात. पोरं म्हणतात, आजींचा हजारचा आकडा कधी चुकवता येत नाही. खोटी फळी ओतून फसवायचा प्रयत्न करून बघतात. अजून कोणाला जमलेलं नाही.

वहीतला तो शेरा बाईंनी स्वतःच्या हाताने खोडला आणि खाली लिहिलं : 'मोजून बघते.' वर्गात आता उड्या मारायच्या आधी एकपासून कुठलीही एक पिशवी उघडून मोजते. तिची मोजणी होईपर्यंत सगळे थांबतात. "एकपासून, हो म्हण ना गं लवकर!" पोरं ओरडतात. ती सावकाश मोजते. ती हो म्हणाली की मग शंभर, दोनशे, तीनशे.

परवा एक सुतार आला होता, खिडकीच्या कामासाठी. मला बघून म्हणाला, "एका घराचंच तर आहे, दोन मिनिटांत कोरून देतो." बाईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. मला पातेल्याखाली ठेवलंत तरी मी तक्रार करणार नाही, मला चटका बसत नाही. पण घरात कोणी गप्प बसलेलं असेल आणि त्याचा हात उगीचच हलताना दिसला, तर 'सवय आहे' म्हणायच्या आधी एकदा मोजून बघा. आणि शंभर म्हणायच्या आधी अंगठा उचलून बघा.

मी नव्याण्णवच देते. वरचं एक तुम्ही टाकायचंय.